केळीच्या कुंपणातला चारा

रावेर-सावद्याकडे केळीच्या बागेभोवती शेवरी नाहीतर गजराज गवत लावलेलं दिसतं. वैशाखातल्या तापलेल्या वाऱ्यानं पानांच्या चिंध्या होऊ नयेत, म्हणून. कडबा संपत आला की हेच कुंपण गव्हाणीपर्यंत पोचवता येतं, आणि ते अजून फार थोडे जण करतात.

गजराज म्हणजे नेपियर. हल्ली चाऱ्यासाठी लावतात ते बहुतेक संकरित, म्हणजे आपल्या बाजरीचं आणि नेपियरचं लेकरू. बाजरीची गुणसूत्रं 14, नेपियरची 28, लेकराच्या वाट्याला 21. विषम संख्येच्या जोड्या लागत नाहीत, त्यामुळे बी धरत नाही. लावायचं ते दोन डोळ्यांचं कांडं किंवा ठोंब. एकदा लागलं की पाण्यावर तीन-चार वर्षं तेच फुटत राहतं. पहिली कापणी दोन-अडीच महिन्यांनी, नंतर साधारण दर दीड महिन्याला. विळा मात्र जमिनीला घासून चालवू नका. अर्धी वीत खुंट राहू द्या. नवा कोंब स्वतःची पानं उघडेपर्यंत त्या खुंटातल्या आणि मुळांतल्या साठ्यावरच जगतो.

नेपियरनं पोट भरतं, पण त्यात प्रथिनं 8-10 टक्क्यांच्या आसपास. कडब्यात तर 3-4च. दुधाच्या गाईला ती कमी पडतात. ती भर शेवरीचा पाला घालतो, त्यात वीस टक्क्यांच्या वर असतात. शेवरीचं एक कोवळं रोप मुळासकट उपटून बघा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. एक नखानं फोडली की आत गुलाबी-लाल. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच नात्यातल्या एका प्रथिनाचा. गाठीतले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र झाडाला देतात, म्हणूनच युरियाशिवाय हा पाला एवढा सकस होतो.

सुबाभूळही तशीच सकस, पण तिच्यात मिमोसिन असतं. ते जास्त पोटात गेलं तर घोड्याची आयाळ आणि शेपटीचे केस झडतात. गाई-शेळ्यांच्या पोटातले काही जिवाणू ते मोडून टाकतात. त्यातल्या एकाला 1992 साली सिनर्जिस्टिस जोन्सी हे नाव मिळालं. तरीही एकूण चाऱ्यात सुबाभूळ एक तृतीयांशाच्या आतच ठेवावी, आणि घोड्याला देऊच नये.

कुंपण कापताना एक पथ्य पाळा: दोन ओळी लावा, एका वेळी एकच कापा. शेवरी कमरेएवढी ठेवून छाटा. दोन्ही ओळी एकदम उतरवल्या तर ढोरं जगतील, पण बाग वाऱ्यावर उघडी पडेल.