चांदीला हट्ट नाही

सिल्व्हर नायट्रेट आणि ट्रायफेनिलफॉस्फिन (फॉस्फरसच्या अणूला तीन कार्बनी कडी जोडलेलं संयुग, थोडक्यात फॉस्फिन). दोन्ही पांढऱ्या पुडी ॲसिटोनायट्राइल या द्रावकात विरघळवायच्या, ढवळायचं, की चांदीचं फॉस्फिन संयुग तयार. फ्लास्कला फॉइल मात्र गुंडाळायचं, कारण चांदीचे क्षार उजेडात काळवंडतात. (फोटोग्राफीचा सगळा कारभार याच खोडीवर चालला.)

डोकेदुखी इथून पुढे. नक्की तयार काय झालं? फॉस्फिनमधला फॉस्फरस आपली मोकळी इलेक्ट्रॉन-जोडी चांदीच्या आयनाला देतो आणि त्याला बिलगतो. पण चांदीची बाहेरची डी-कक्षा (इलेक्ट्रॉनांचा एक कप्पा) दहा इलेक्ट्रॉनांनी गच्च भरलेली. अमुकच आकार हवा असा तिचा हट्ट नसतो. दोन फॉस्फिन चालतात, तीन चालतात, चारही. शिवाय द्रावणात ते सारखे सुटतात आणि पुन्हा चिकटतात, त्यामुळे नेहमीच्या तापमानाला एनएमआरच्या (चुंबकीय क्षेत्रात अणूंचा परिसर ओळखणाऱ्या तपासणीच्या) रेषाही पसरट येतात. फ्लास्कमध्ये एका चांदीला दोन फॉस्फिन असं प्रमाण ठेवलं म्हणून रेणूतही तेच असेल, याची खात्री नाही.

म्हणून स्फटिक हवा. द्रावणावर ईथर हळूहळू झिरपू द्यायचा आणि बाटलीला हात लावायचा नाही. सर्वांत अवघड हेच. मग सूक्ष्मदर्शकाखाली मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांएवढा, भेग नसलेला कण तेलात उचलून क्ष-किरणांपुढे धरायचा. किरणांच्या विखुरलेल्या ठिपक्यांवरून अणूंच्या जागा कळतात. चांदीभोवती दोनच फॉस्फिन असतील तर चांदी-फॉस्फरस अंतर 2.4 अँगस्ट्रॉमच्या आसपास भरतं (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). चार दाटीवाटीने बसले की 2.6च्या पुढे जातं.

सिल्व्हर आयोडाइडच्या अशाच एका संयुगाने तर गंमतच केली. सूत्र तेच, चार चांदी, चार आयोडीन, चार फॉस्फिन. पण एका स्फटिकात त्यांची घनाकृती पेटी, दुसऱ्यात खुर्चीसारखी उघडलेली रचना.

मला सर्वांत आवडतो तो 1996 सालचा प्रयोग. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हुबर्ट श्मिडबाउर आणि सहकाऱ्यांनी ट्रायमेसिटिलफॉस्फिन हे दुसरं फॉस्फिन घेतलं. हे इतकं अवाढव्य की धातूभोवती दोनच मावतात. चांदी आणि सोनं, दोघांचेही हुबेहूब सारखे स्फटिक मिळाले, म्हणजे तुलना अगदी चोख. आवर्तसारणीत सोनं चांदीच्या खाली, तेव्हा ते मोठं असावं किंवा निदान बरोबरीचं. मोजमाप उलटं निघालं: चांदीच्या आयनाची त्रिज्या 1.33 अँगस्ट्रॉम, सोन्याची 1.25. सोन्याच्या जड अणुकेंद्राजवळ इलेक्ट्रॉन इतक्या वेगाने धावतात की सापेक्षतावादाचा परिणाम जाणवतो आणि बाहेरची एस-कक्षा आत ओढली जाते.