चुनखडी–भाजमाती सिमेंट

चुनखडी–भाजमाती सिमेंट : पोर्टलंड सिमेंटमधील जवळपास निम्मे क्लिंकर (भट्टीत भाजून तयार होणारा सिमेंटचा मुख्य घटक) कमी करून त्याच्या जागी भाजलेली केओलिनयुक्त (चिनी मातीतले मुख्य खनिज असलेली) माती आणि न भाजता केवळ दळलेली चुनखडी घालून केलेले सिमेंट. ते ‘एलसी थ्री’ या नावानेही ओळखले जाते. सर्वाधिक अभ्यासलेल्या मिश्रणात ५० टक्के क्लिंकर, ३० टक्के भाजलेली माती, १५ टक्के चुनखडी आणि ५ टक्के जिप्सम असते. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील कॅरेन स्क्रिव्हनर, क्यूबातील फर्नांदो मार्तिरेना आणि आयआयटी दिल्लीतील शशांक बिष्णोई यांच्या संशोधनगटांचा या सिमेंटच्या विकासात मोठा वाटा आहे. भारतीय मानक ब्यूरोने २०२३ मध्ये या प्रकारच्या सिमेंटसाठी आयएस १८१८९ हे मानक प्रसिद्ध केले.

जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के धरला जातो. हा सारा धूर कोळशाचा, असा समज बांधकाम क्षेत्रातही आढळतो. प्रत्यक्षात त्याचा मोठा भाग दगडातून निघतो. शुद्ध चुनखडी १०० किलो भाजली की ५६ किलो कळीचा चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पुढे सुमारे १,४५०° सेल्सियस तापमानाला हा चुना मातीतील सिलिका व ॲल्युमिना यांच्याशी संयोग पावून क्लिंकर होतो. एक टन क्लिंकरमागे अर्ध्या टनाहून थोडा अधिक वायू दगडातून आणि साधारण ०.३ टन इंधनातून बाहेर पडतो. त्यामुळे भट्टीत कोळशाऐवजी शेतातला काडीकचरा जाळला किंवा ती विजेवर चालवली, तरी दगडातला वायू सुटायचा थांबत नाही. उत्सर्जन मनापासून कमी करायचे असेल तर भाजल्या जाणाऱ्या चुनखडीचे प्रमाणच घटवावे लागते.

केओलिन माती सुमारे ७०० ते ८५०° सेल्सियसला भाजली असता तिच्या घटनेतील पाणी वाफ होऊन निघून जाते. कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे तिच्यात फारसे काही नसते. उरलेला मेटाकेओलिन हा पदार्थ अतिशय क्रियाशील असतो. सिमेंटमध्ये पाणी पडल्यावर क्लिंकरपासून सुटणाऱ्या चुन्याशी त्याचा संयोग होऊन बांधून ठेवणारे आणखी द्रव्य तयार होते. शिवाय त्यातील ॲल्युमिना दळलेल्या चुनखडीबरोबर कार्बोॲल्युमिनेट नावाची संयुगे बनवते व ती सूक्ष्म छिद्रे भरून काढतात. या रसायनाचे खरे मर्म येथे आहे : एरवी चुनखडीची भुकटी सिमेंटमध्ये बहुतांशी भर म्हणूनच पडून राहते, मातीच्या सोबतीने मात्र ती स्वतः कामाला येते. ५० किलोच्या ओपीसी, म्हणजे साध्या पोर्टलंड सिमेंटच्या, गोणीमागे सुमारे ४० किलो कार्बन डायऑक्साइड निघत असेल, तर या सिमेंटच्या गोणीमागे तो साधारण ३० ते ४० टक्क्यांनी कमी होतो.

पुण्याच्या बांधकामपरंपरेला चुना आणि भाजलेली माती यांची ही जोडी नवी नाही. १७३२ मध्ये पूर्ण झालेला शनिवारवाडा किंवा एकोणिसाव्या शतकातले खडकवासल्याचे दगडी धरण चुन्याच्या मसाल्यात उभे राहिले. पाणी लागणाऱ्या बांधकामात चुन्याबरोबर सुर्खी, म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी, चुन्याच्या घाण्यात मळून घालण्याची रीत देशभर रूढ होती. सुर्खीतली क्रियाशील माती आणि आजचा मेटाकेओलिन यांचे कार्य एकाच जातीचे आहे. या वारशाची अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात अधिक गांभीर्याने दखल घेतली जायला हवी.

कच्च्या मालाच्या दृष्टीने पुणे जिल्हा मात्र गरीब आहे. येथील बेसाल्टच्या प्रदेशात सिमेंटयोग्य चुनखडीचे साठे नाहीत. राज्यातले मोठे साठे चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांत असून, जवळचा मोठा पट्टा कर्नाटकातील कलबुर्गी–वाडीचा आहे. काळी माती सर्वत्र आहे, पण तिच्यात केओलिनऐवजी मुख्यतः फुगणारे मृत्खनिज असते आणि भाजल्यावर ते त्या मानाने कमी क्रियाशील ठरते. मातीत निदान ४० टक्के केओलिन असेल तर सिमेंटची ताकद ओपीसीच्या जवळ पोहोचते. अशी माती कोकणात जांभ्याच्या थरांखाली मिळते आणि सिंधुदुर्गात चिनी मातीचे साठे आहेत. चिनी मातीच्या उद्योगाला रंगामुळे नको असलेली हलकी मातीही येथे चालते, हा मोठा लाभ आहे. लोहामुळे भाजलेली माती तांबूस होते. रंग करडा ठेवायचा असल्यास ती भट्टीतून काढताना प्राणवायू कमी ठेवून थंड करतात.

वापरातल्या अडचणी खऱ्या आहेत. भाजलेल्या मातीचे कण पापुद्र्यांसारखे व बारीक असल्याने काँक्रीट घट्टसर होते आणि ते प्रवाही ठेवण्यासाठी रासायनिक मिश्रक अधिक लागतो. रेडीमिक्सचा ट्रक हिंजवडी किंवा चाकणच्या वाहतुकीत अडकला की स्लंप, म्हणजे काँक्रीटचा प्रवाहीपणा, उतरतो; येथील प्लांटना मिश्रकाचे प्रमाण नव्याने ठरवावे लागेल. सळईला गंजवणाऱ्या क्लोराइडला हे काँक्रीट उत्तम रोखते. उलट त्यात मुक्त चुना कमी असल्याने हवेतील कार्बन डायऑक्साइड आत शिरण्याचा वेग वाढू शकतो आणि त्यानेही सळई गंजू शकते, म्हणून सळईवरचे कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, पुरेसे ठेवणे आणि स्लॅबवर पुरेसे दिवस पाणी मारणे यांत कसूर चालत नाही. पुण्यात प्रचलित असलेल्या पीपीसीमध्येही (पोर्टलंड पोझोलाना सिमेंट) ३५ टक्क्यांपर्यंत राख घालता येते. पण ती औष्णिक वीजकेंद्रांची राख आहे आणि कोळसा मागे पडत जाईल तसतशी तिची उपलब्धता घटेल.

चुनखडी पूर्णपणे टाळण्याचाही एक मार्ग शोधला जात आहे. दख्खनच्या बेसाल्टमध्ये सुमारे १० टक्के कॅल्शियम ऑक्साइड सिलिकेटच्या रूपात असते आणि ते वेगळे काढताना दगडातून कार्बन डायऑक्साइड सुटत नाही. अमेरिकेतील काही कंपन्या अशा सिलिकेट खडकांतून आम्लाच्या साह्याने चुना मिळवण्याचे प्रयोग करत आहेत. वाघोलीच्या खाणींजवळच्या क्रशरवरची दगडी भुकटी याच रसायनाची कच्ची सामग्री ठरू शकते; परंतु एक टन चुन्यासाठी किमान दहा टन खडक फोडून विरघळवावा लागेल, आणि उरलेली सिलिका, लोह व मॅग्नेशियम यांना गिऱ्हाईक मिळाल्याशिवाय त्याचा खर्च निघणे कठीण आहे.