घारापुरी कोणी कोरली? पुरावे नाशिक जिल्ह्यात

सकाळची पंचवटी पकडायची, सीएसएमटीला उतरून गेटवे गाठायचं आणि तासाभरात लाँचने घारापुरी. (सोमवार टाळावा, लेणी बंद असतात.) पहिल्यांदा जाणाऱ्या नाशिककराची आखणी साधारण अशीच असते. बेट रायगड जिल्ह्यात मोडतं, पण सगळे त्याला मुंबईचंच समजतात. नाशिकशी त्याचा काही संबंध असेल, हे सहसा कोणाच्या डोक्यातही येत नाही.

पांडवलेणी बघत मोठं झालेल्या माणसाला घारापुरीत एक गोष्ट लगेच खटकते. आपल्याकडे क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात, सातवाहन राजमाता गौतमी बलश्री अशा दात्यांची नावं भिंतीवर कोरलेली आहेत. कोणी काय दिलं याचा चक्क हिशेब आहे. घारापुरीच्या मुख्य लेण्यात कर्त्याचं नाव कुठेच नाही. १५३४ मध्ये बेट पोर्तुगिजांकडे गेलं. इथला एक कोरीव लेख त्यांनी काढून पोर्तुगालला पाठवला आणि तो तिकडे हरवला.

मग शोध नाण्यांवर आला. बेटावर कलचुरी घराण्यातल्या कृष्णराजाची तांब्याची नाणी बरीच सापडली. लेणं सहाव्या शतकातलं मानतात आणि राजाचा काळही तोच. कारागिरांची मजुरी याच नाण्यांत दिली असावी, असा तर्क त्यावरून निघाला. त्याच राजाची चांदीची नाणी मिळाली ती बागलाणातल्या देवळाण्याला. नाणं अगदी लहान, नखाएवढं. एका बाजूला राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला बसलेला नंदी आणि कडेने अक्षरं. त्यात राजा स्वतःला ‘परममाहेश्वर’ म्हणवतो.

ताम्रपटही आपल्याच जिल्ह्यातले. कळवण तालुक्यातल्या अभोण्याचा पट कृष्णराजाचा मुलगा शंकरगण याचा, सहाव्या शतकाच्या अखेरचा. वडनेरचा पट नातू बुद्धराजाचा, इ.स. ६०९ च्या सुमाराचा. कृष्णराज जन्मापासून पशुपतीचा भक्त होता, असं हे पट सांगतात. म्हणजे घराणं पाशुपत पंथाचं. घारापुरीच्या उत्तर दारापाशी ध्यानस्थ योगी शिव दिसतो, त्याला बरेच अभ्यासक लकुलीशाशी जोडतात. लकुलीश हा याच पंथाचा आद्य आचार्य. माझ्या मते नाण्यांपेक्षा हा दुवा जास्त बोलका आहे, कारण नाणी व्यापाऱ्यांच्या कनवटीलाही फिरतात.

त्र्यंबकेश्वरी ब्रह्मा-विष्णू-महेश एकत्र पाहायची सवय असल्याने आपण त्या प्रचंड त्रिमूर्तीलाही तेच समजतो. प्रत्यक्षात तो सदाशिव आहे. समोर उभं राहिल्यावर आपल्या डावीकडे मिशीवाला, हातात सर्प धरलेला उग्र अघोर; उजवीकडे कमळ घेतलेलं सौम्य, जवळजवळ स्त्रीचं मुख. तिन्ही मुखं शिवाचीच.

सगळ्यांनाच कलचुरी मान्य आहेत असं नाही. काही जण कोकणच्या मौर्यांचं नाव घेतात. कर्नाटकातल्या ऐहोळेच्या इ.स. ६३४ च्या प्रशस्तीत चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीने शेकडो नावा घेऊन ‘पश्चिम समुद्राची लक्ष्मी’ असलेली पुरी नगरी घेतल्याचं वर्णन आहे. ती पुरी म्हणजे हेच बेट, असं एक मत. आता अंजनेरीला सापडलेला भोगशक्ती या राजाचा ताम्रपट पाहा, इ.स. ७१० च्या आसपासचा. त्यात चौदा हजार गावांच्या पुरी-कोकणाचा उल्लेख आहे आणि पैशांचे आकडे आहेत ‘कृष्णराज-रूपकां’त, म्हणजे कृष्णराजाच्या चांदीच्या नाण्यांत. राजा जाऊन दीडशे वर्षं झाली तरी ब्रह्मगिरीच्या शेजारी त्याचंच नाणं चालत होतं.