ड्रिपरच्या तळाचं भोक

ड्रिपर, म्हणजे कागद घालून कॉफी गाळायचं नरसाळं, घेताना काचेचा की चिनी मातीचा यावरच खल होतो. आधी बघावं ते तळाचं भोक. पाणी कॉफीच्या पुडीत किती वेळ मुरेल, हे ड्रिपर ठरवणार की तुमचा हात, ते भोकावर अवलंबून. शंभरेक वर्षांत बदलत आलंय तेही हेच.

१९०८ मध्ये ड्रेस्डेनच्या मेलिटा बेन्ट्झ यांनी पितळी भांड्याच्या तळाला भोकं पाडून त्यात मुलाच्या वहीतला टीपकागद घातला. कपात उतरणारा चोथा थांबला. पुढे १९३०च्या दशकात त्यांच्या कंपनीने गाळणीच्या भिंती तिरक्या केल्या. आज मिळणाऱ्या पाचरीसारख्या मेलिटा ड्रिपरला एकच बारीक भोक असतं, त्यामुळे पाणी भसकन ओतलं तरी ते आपल्या वेगानेच निथळतं. नवशिक्याला यासारखं दुसरं नाही.

१९४१ मध्ये पीटर श्लुम्बोम या रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेतलं नरसाळं आणि चंबू एक करून केमेक्स घडवला. त्याचा कागद जाड. तेल आणि बारीक कण वरच अडतात, कॉफी स्वच्छ आणि हलकी उतरते. कागदाची तिपदरी बाजू तोटीकडेच ठेवा. एकपदरी बाजू तिकडे आली, तर ओला कागद खोबणीत बसतो, खालची हवा कोंडते आणि पाणी तुंबतं.

जपानच्या हारिओ कंपनीने एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्ही६० आणला: ६० अंशांचा शंकू, आत वळणदार कंगोरे, तळाला एकच मोठं भोक. ते पाणी जवळजवळ अडवतच नाही, म्हणून सगळी भिस्त दळण आणि धारेवर. कागद आणि ड्रिपर गरम पाण्याने धुऊन घ्या, नाहीतर चिनी माती उष्णता ओढून घेते. १५ ग्रॅम पुडीला ९४ अंशांचं २५० ग्रॅम पाणी. पहिलं ४० ग्रॅम ओतून ४० सेकंद थांबा, पुडीतला वायू निघू द्या. उरलेलं दोन-तीन वेळा, बारीक धारेने. सगळं अडीच-तीन मिनिटांत उतरावं. दीड मिनिटात संपलं, तर कॉफी आंबट, पाणचट होते. दळण बारीक करा. चार मिनिटं लागली आणि घसा कोरडा पडला, तर जाड करा.

कालिता वेव्ह हा ड्रिपर मेलिटा आणि व्ही६० यांच्या मधला: सपाट तळ, तीन बारीक भोकं. त्याचा चुणीदार कागद भिंतीला जेमतेम टेकतो. तो धुताना पाणी मधोमध, हळू सोडा. चुण्या चपट्या झाल्या की निथळणं मंदावतं.