आज्ञावलीची जटिलता : मापन आणि न्यूनीकरण

संगणकीय आज्ञावली वाचण्यास, तपासण्यास व बदलण्यास किती अवघड आहे, याचा तिच्या रचनेवरून बांधलेला अंदाज म्हणजे आज्ञावलीची जटिलता होय. व्यवहारात तिला ‘कोड कॉम्प्लेक्सिटी’ म्हणतात. उदाहरण सोडवण्यास यंत्राला किती वेळ व स्मृती लागते याचा विचार करणारी संगणन-जटिलता ही वेगळी शाखा असून तिचा येथे विचार केलेला नाही.

मापनाच्या आरंभाविषयी एकमत नाही. ओळींची मोजणी बरीच जुनी आहे. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ मॉरिस हॉलस्टेड यांनी क्रियाचिन्हे आणि त्यांची पदे मोजून आज्ञावलीचे ‘आकारमान’ व ‘काठिण्य’ काढण्याचे काम १९७२ च्या सुमारास सुरू केले व त्यावरील ग्रंथ १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. दरम्यान, डिसेंबर १९७६ मध्ये अमेरिकन संगणकतज्ज्ञ टॉमस मॅकेब यांचा चक्रीय जटिलतेवरील (‘सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी’) निबंध प्रसिद्ध झाला. कालक्रमाने हॉलस्टेड यांना अग्रमान द्यावा लागतो. तथापि सेकंदाला १८ मानसिक निर्णय हे मानसशास्त्रातून घेतलेले गृहीतक टीकेस पात्र ठरल्याने आज्ञावली लिहिण्यास लागणाऱ्या वेळाची हॉलस्टेड यांची सूत्रे मागे पडली आणि टिकून राहिले ते मॅकेब यांचे माप.

मॅकेब यांनी आज्ञावलीचा प्रवाह आलेखरूपाने, म्हणजे शिरोबिंदू (बिंदू) आणि त्यांना जोडणाऱ्या कडा (रेषा) यांच्या रूपाने मांडला. अशा आलेखातील स्वतंत्र चक्रांची संख्या जर्मन भौतिकशास्त्रज्ञ किर्खहोफ यांनी १८४७ मध्ये विद्युत्‌मंडलांच्या संदर्भात काढली होती : कडांच्या संख्येतून शिरोबिंदूंची संख्या वजा करून सुट्या घटकांची (एकमेकांशी न जोडलेल्या भागांची) संख्या मिळवावी. मॅकेब यांनी प्रत्येक घटकाच्या शेवटापासून आरंभापर्यंत एक काल्पनिक कड जोडली. त्यामुळे त्यांच्या सूत्रात घटकांची संख्या दुप्पट होऊन येते. एकट्या फंक्शनपुरता (फंक्शन म्हणजे आज्ञावलीतील एक काम करणारा नामांकित भाग) याचा अर्थ सोपा आहे : निर्णयांची, म्हणजे प्रवाहाला फाटे फोडणाऱ्या अटींची, संख्या अधिक एक. अनेक फंक्शने एकत्र मोजताना मात्र वाद उद्भवतो. बारा निर्णयांचे एक फंक्शन १३ भरते. त्याची चार फंक्शने केली, तर प्रत्येकाचे माप घटते, पण मॅकेब यांच्या सूत्राने बेरीज १६ होते. ब्रायन हेंडरसन-सेलर्स यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी दुपटीऐवजी ‘घटकसंख्या अधिक एक’ असे रूप सुचवले, ज्यात विभाजनानंतरही बेरीज १३ च राहते. विभाजनाने निर्णय वाढत नाहीत, हे पाहता दुसरे रूप अधिक सुसंगत वाटते. जटिलता मोजणाऱ्या संगणकीय साधनांमध्ये मात्र पहिलेच रुजले आहे. ‘आणि’, ‘किंवा’ यांनी जोडलेल्या अटी एक धरायच्या की अनेक, याविषयीही मतभेद असल्याने दोन साधने एकाच फंक्शनला वेगवेगळे आकडे देऊ शकतात.

एका फंक्शनच्या मापासाठी मॅकेब यांनी सुचवलेली दहाची मर्यादा त्यांच्याच मते वाजवी होती, जादूची नव्हे, आणि अनेक पर्यायांतून एक निवडणाऱ्या लांबलचक रचनांना ती लावणे त्यांनाही रास्त वाटले नव्हते. मार्टिन शेपर्ड यांनी १९८८ मध्ये घेतलेला आक्षेप अधिक मूलगामी आहे : हे माप बहुतांशी ओळींच्या संख्येबरोबरच वाढते, मग ते वेगळे काय सांगते?

सोलापुरातील यंत्रमाग कारखान्यात चादरींच्या नगावर मजुरी काढणारे फंक्शन कल्पिल्यास मापांतील फरक स्पष्ट होतो. सदोष नगाची कपात, रात्रपाळीचा भत्ता, उचलीचा हप्ता, जादा नगांचा वाढीव दर आणि सणाची रक्कम अशा पाच अटी एकाखाली एक लिहिल्या, तर चक्रीय जटिलता ६ येते. त्याच पाच अटी एकीच्या पोटात दुसरी अशा लिहिल्या, तरीही ६ च. संगणकतज्ज्ञ नेज्मे यांच्या १९८८ मधील मार्गसंख्येच्या मापाने (फंक्शनमधून जाण्याचे किती मार्ग संभवतात, याच्या मोजणीने) पहिली रचना ३२, तर दुसरी अवघी ६ भरते. सोनारसोर्स कंपनीतील जी. ॲन कॅम्पबेल यांनी मांडलेली आकलन-जटिलता याच्या उलट कौल देते, कारण तिच्यात पोटातील प्रत्येक पातळीला वाढता दंड आहे : पहिलीस ५, दुसरीस १५. तपासनिसाला मार्गांची संख्या महत्त्वाची असते, वाचकाला एकाच वेळी ध्यानात ठेवाव्या लागणाऱ्या अटींची. वाचनीयता हा हेतू असेल तर शेवटचे माप जवळचे मानावे लागते.

न्यूनीकरणाच्या रीती विल्यम ऑपडाइक यांच्या १९९२ मधील प्रबंधापासून ‘रिफॅक्टरिंग’ (आज्ञावलीचे वर्तन न बदलता तिची रचना सुधारणे) या नावाखाली एकत्र आल्या. अपवादात्मक स्थिती फंक्शनच्या आरंभीच निकालात काढून तेथूनच परतणे ही त्यांतील सर्वांत स्वस्त रीत होय : तिने निर्णयांची संख्या तीच राहते, पण पोटातील पातळ्या नाहीशा होतात. फंक्शनमधून बाहेर पडण्याची एकच जागा असावी असे मानणारे रचनाबद्ध आज्ञावलीचे जुने पुरस्कर्ते तिला नाके मुरडतात. दुसरी रीत म्हणजे अटींऐवजी कोष्टक. चादरीच्या आकारानुसार मजुरीचे दर कोष्टकात ठेवल्यास दर बदलताना फंक्शनला हात लावावा लागत नाही आणि आकडाही झपाट्याने उतरतो. मात्र गुंतागुंत अशा वेळी मापाच्या नजरेआड गेलेली असते, कारण ही साधने कोष्टकातील चुकीचा दर पाहत नाहीत. मजुरीचे नियमच किचकट असतील, तर तेवढा भाग कोणत्याही रीतीने जात नाही. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९८६ मध्ये अंगभूत (प्रश्नातच असलेली) व आगंतुक (लिहिण्याच्या पद्धतीतून आलेली) गुंतागुंत असा भेद केला तो याच अर्थाने.

चलांची (मूल्ये साठवणाऱ्या नामांकित जागांची) व फंक्शनांची नावे बोधक आहेत की नाहीत, हे वरीलपैकी कोणतेही माप पाहत नाही. मराठी, तेलुगू व कन्नड बोलणारे एकत्र काम करतात अशा सोलापूरसारख्या शहरात एकाने ‘उचल’ किंवा ‘कपात’ असे ठेवलेले नाव दुसऱ्याला लागलीच उमगेल, असे धरून चालता येत नाही. त्यासाठी सहकाऱ्याकडून आज्ञावली वाचून घेणे हाच मार्ग उरतो. त्याची औपचारिक पद्धत आयबीएममधील मायकेल फेगन यांनी १९७६ मध्येच मांडली होती.