गेमिंग लॅपटॉपचा अडॅप्टर घेताय? व्होल्ट वेगळे, अँपिअर वेगळे

माझ्या मावसभावाच्या गेमिंग लॅपटॉपचा अडॅप्टर गेला आणि त्याने फक्त पिन बसते एवढं बघून दुसरा आणला. जुना होता १९.५ व्होल्ट, ११.८ अँपिअर. नवा १९.५ व्होल्टच, पण ६.१५ अँपिअर. चार्जिंगचा दिवा लागला म्हणून गडी खुश, पण गेम सुरू केला की चार्जर लावलेला असूनही बॅटरी उतरायची, एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स) धाडकन पडायचे आणि अडॅप्टर तर हात लावू देत नव्हता इतका तापायचा.

इथेच बऱ्याच जणांचा घोळ होतो. व्होल्ट अडॅप्टर ठरवतो, ते लॅपटॉपला लागतात तेवढेच हवेत. १९.५ च्या जागी २० सहसा चालून जातं, पण २४ वगैरे लावलात तर मदरबोर्ड जाऊ शकतो. अँपिअरचं उलटं आहे, ते लॅपटॉप मागतो. अडॅप्टर काय पंगतीत आग्रह करून वाढत नाही, पानात मागाल तेवढंच पडतं, म्हणून जास्त अँपिअरचा लावला तर लॅपटॉप जळेल ही भीती मनातून काढून टाका. त्रास कमी अँपिअरचा असतो.

दोघांचा गुणाकार म्हणजे वॅट. जुना साधारण २३० वॅट, नवा फक्त १२०. आता एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० हे लॅपटॉपमधलं ग्राफिक्स कार्डच घ्या, ते एकटंच ११५ वॅटपर्यंत जाऊ शकतं, वर प्रोसेसर, स्क्रीन, पंखे, बॅटरीचं चार्जिंग, मग १२० मध्ये कसं भागणार?

टाइप सी वाल्यांचं पण हेच. १०० वॅटचा पीडी (पॉवर डिलिव्हरी, टाइप सी वरून जास्त वॅट देण्याची पद्धत) चार्जर म्हणजे २० व्होल्ट, ५ अँपिअर, कॉलेजला नेऊन नोट्स काढायला मस्त, गेमिंगला नाही. २०२१ मध्ये आलेल्या पीडी ३.१ मध्ये ४८ व्होल्टवर २४० वॅटपर्यंत जाता येतं, पण त्यासाठी चार्जर, केबल आणि लॅपटॉपचा पोर्ट तिघांनाही ते जमायला हवं, नुसता चार्जर महागाचा घेऊन उपयोग नाही.

अजून एक, डेल, एचपीच्या बऱ्याच मॉडेलांत पिनच्या मधली बारीक सुई लॅपटॉपला अडॅप्टर ओळखून देते. ती ओळख पटली नाही तर वॅट पुरेसे असूनही लॅपटॉप स्लो चालतो किंवा चार्जच होत नाही, त्यामुळे अशा मॉडेलला ओरिजिनलच घ्या, हजार-दोन हजार वाचवायला जाऊ नका.

आणि लेबल वाचताना आउटपुटची ओळ वाचा. वर इनपुट १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं ते भिंतीतल्या सॉकेटचं, आणि मावसभावाने दुकानात नेमकं तेच जुळवून पाहिलं होतं. बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर (R) ने सुरू होणारा नंबर आहे का तेही बघा. जुन्या अडॅप्टरच्या लेबलचा फोटो आजच काढून ठेवा, ती अक्षरं घासून पुसट होतात आणि मग दुकानदार देईल तो घ्यावा लागतो.