एकटं बसणं आणि एकटं पडणं

नागपुरात अंबाझरी तलावाच्या काठावर संध्याकाळी कोणी एकटंच बसलेलं दिसलं, की ओळखीचा माणूस गाडी थांबवून विचारणारच, "काऊन बे, एकटाच बसून राहिला? घरी काही झालं का?" विचारण्यात माया असते, पण एकटा बसलाय म्हणजे काहीतरी बिनसलंय हे त्यात धरूनच चाललेलं असतं. कधी बिनसलेलं असतंही. बरेचदा मात्र गडी मजेत असतो. पंचाईत अशी की बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

उपास आणि उपासमार, दोन्हीत ताट रिकामंच. उपास आपण धरलेला असतो आणि तो कधी सोडायचा हेही ठाऊक असतं. उपासमारीत वाढणारंच कोणी नसतं. शिकागो विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो यांनी एकटेपणाला भूक-तहानेच्याच रांगेत बसवलं होतं. माणसं कमी पडताहेत, त्यांच्याकडे जा, ही शरीराने दिलेली सूचना. गंमत पुढे आहे, म्हणजे गंमत कसली, घातच. ही भूक फार दिवस भागली नाही की माणूस लोकांकडे जाण्याऐवजी त्यांच्यापासून सावध राहू लागतो. साध्या बोलण्यात त्याला टोमणा ऐकू येतो, फोन उशिरा उचलला गेला तर आपल्याला टाळताहेत असं वाटतं. मग तो स्वतःच जाणं-येणं कमी करतो, आणि घरचे म्हणतात, "त्यांना एकटंच आवडते."

आजूबाजूला किती माणसं आहेत, यावरून काही कळत नाही. प्रतापनगर, धरमपेठेत अशी कितीतरी घरं आहेत, की मुलं पुण्या-बंगळुरूला आणि वरचा मजला कुलूपबंद. त्यातल्या एखाद्या काकांची बायको गेलेली असते. सकाळी फिरायला जाणारा त्यांचा ग्रुप मोठा असतो. हास्यक्लब, मग टपरीवर चहा, कधी तर्री पोहा. तरी दहा वाजता घरी येऊन कुलूप उघडताना पोटात खड्डा पडतो. रॉबर्ट वाइस या समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्येच एकटेपणाचे दोन प्रकार वेगळे केले होते. एकात जिवाभावाचं माणूस नसतं, दुसऱ्यात चार लोकांचा गोतावळा नसतो. एकाची उणीव दुसऱ्याने भरत नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणून "ग्रुप जॉइन करा ना बाबा" हा पुण्याहून फोनवर येणारा सल्ला या काकांना लागू पडत नाही. गोतावळा त्यांच्याकडे आहेच.

आता दुसरी बाजू. थुय-वी गुयेन, रिचर्ड रायन आणि एडवर्ड डेसी यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना पंधरा मिनिटं एकटं बसवलं होतं. राग, धास्ती यांचा जोर उतरला, पण उत्साहाचाही उतरला. म्हणजे एकांत मनाची आच मंद करतो, चांगल्या-वाईट दोन्ही भावनांची. हे कळलं की तो कधी घ्यायचा तेही कळतं: भांडणानंतर, हिंगण्याच्या कारखान्यातून शिफ्ट करून आल्यावर, परीक्षेच्या आदल्या रात्री. ज्यांनी एकटं बसणं आपल्या मर्जीने पत्करलं होतं, त्यांना त्यातून निवांतपणा जास्त मिळाला. पुस्तक हातात असलं तरी चालतं. रील्स बघत घालवलेला तास मात्र मी एकांतात धरणार नाही. तिथे अख्खी जत्रा भरलेली असते.

सुरुवातीला चुळबुळ होते, आणि पुष्कळ लोक इथेच फसतात. ही चुळबुळ म्हणजेच एकटेपणा, असं त्यांना वाटतं. टिमोथी विल्सन आणि सहकाऱ्यांच्या 2014 च्या एका प्रयोगात लोकांना पंधरा मिनिटं नुसतं विचार करत बसायचं होतं. जवळ विजेचा सौम्य झटका देणारं बटण होतं. 18 पुरुषांपैकी 12 जणांनी आणि 24 बायकांपैकी 6 जणींनी ते स्वतःवर दाबून घेतलं! तेव्हा पाच मिनिटांत उठावंसं वाटलं तर घाबरण्यासारखं काही नाही.

बायकांना तर हा वेळ चोरूनच घ्यावा लागतो. मे महिन्यात दुपारी दोनला रस्ते ओस पडतात, पडदे ओढलेले, कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास घरभर, सगळे आडवे झालेले. घरातली बाई तेव्हा मागच्या खोलीत फरशीवर पाय पसरून बसते. हातात काही नाही, निवडायला भाजी नाही. एवढ्यात कोणीतरी डोकावतं, "काय झालं? रागावली का?" पुरुष असा बसला तर दमलाय म्हणतात.

मुद्दाम शांत राहायचंच असेल तर नागपूरजवळ माहुरझरीला धम्म नाग हे विपश्यना केंद्र आहे. दहा दिवसांचं शिबिर, त्यातले पहिले नऊ दिवस आर्य मौन, म्हणजे सोबतच्यांशी बोलायचं नाही, खुणाही करायच्या नाहीत. पण गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी शिबिराला येऊ नये, असं विपश्यनेच्या नियमावलीतच सांगितलेलं आहे. मौन हे प्रत्येक दुखण्यावरचं औषध नव्हे.

मग ओळखायचं कसं? माझ्या मते, माणूस परत आल्यावर बघावं. एकटं बसून आलेला गप्पांत शिरतो, जेवताना दुसऱ्याच्या ताटाकडे लक्ष देतो. एकटा पडलेला आपल्यात येऊनही आलेला नसतो. झोप उडाली, जेवण सुटलं, आवडीच्या गोष्टी नकोशा झाल्या आणि दोन आठवडे हेच चाललं, तर ते नैराश्यही असू शकतं. तेव्हा "राहू द्या त्यांना एकटं" म्हणू नये. डॉक्टरकडे न्यावं, किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर बोलावं. तो चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.